भिंतीवर काय दिसतंय, ते आधी सांगा

मृग लागायच्या आधी आणि मग पोळ्याच्या आसपास माझा फोन जरा जास्तच वाजतो. कधी शेजारच्या गावच्या शाळेतून, कधी ग्रामपंचायतीतून, कधी शेतीशाळा घेणाऱ्या कृषी सहायकांकडून. बोलणं बहुतेक वेळा एकच असतं : "मॅडम, लॅपटॉप लावला, प्रोजेक्टर चालू हाये, पण काहीच दिसून नाही राहिलं." मागून माणसांचा गलका ऐकू येत असतो. डवरणी, निंदण सोडून आलेली माणसं असतात ती. अर्धा तास गेला की एकेक जण उठून वावराकडे निघतो, आणि ज्याच्यासाठी सगळे जमले होते ते सांगायचंच राहून जातं. म्हणून हा विषय मला लहान वाटत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, दिग्रस-आर्णी पट्ट्यात. फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : भिंतीवर नेमकं काय दिसतंय? "काहीच नाही" हे उत्तर मी घेत नाही. कारण "काहीच नाही"चे चार-पाच प्रकार असतात, आणि प्रत्येकाचा दोष वेगळ्या जागी असतो. भिंत निळी आहे आणि त्यावर "नो सिग्नल" लिहिलंय, ही एक गोष्ट. भिंतीवर उजेडच नाही, ही दुसरी. लॅपटॉपचा वॉलपेपर दिसतोय पण उघडलेली फाइल दिसत नाही, ही तिसरी. चित्र आहे पण रंग भलताच आहे, अक्षरं फुगली आहेत, कडा कापल्या आहेत, हे आणखी वेगळं. डॉक्टर जसं "दुखतंय" एवढ्यावर गोळी देत नाही, कुठे दुखतंय ते विचारतो, तसंच इथेही. भिंतीवर जे दिसतं तेच दुखण्याची जागा दाखवतं.

आधी उजेडच नसेल तर पाहू. लेन्सवरचं झाकण काढलंय ना? हसू नका, गर्दीत हे राहून जातं. मग लेन्ससमोर हातभर अंतरावर एखादी पांढरी वही धरा. लेन्समध्ये डोळा घालून कधीच पाहू नका. वहीवर मंद राखाडी उजेड पडत असेल तर दिवा जळतोय, म्हणजे बिघाड पुढे कुठेतरी आहे. रिमोटवर "ब्लँक" किंवा "म्यूट" नावाचं एक बटण असतं, ते चुकून दाबलं गेलं की दिवा चालू राहूनही चित्र बंद होतं. वहीवर काहीच उजेड नसेल तर दिवा लागलेलाच नाही. मग लॅपटॉपशी झटापट करण्यात अर्थ नाही, प्रोजेक्टरवरचे लहान लाल-नारंगी दिवे पाहा. त्यांच्याकडे मी शेवटी येते.

निळा पडदा आणि "नो सिग्नल" ही खरं तर चांगली बातमी. दिवा ठीक, प्रोजेक्टर ठीक, तो फक्त वाट पाहतोय. पण कोणत्या दारावर वाट पाहतोय? प्रोजेक्टरच्या मागे तीन-चार दारं असतात : कॉम्प्युटर १, कॉम्प्युटर २, एचडीएमआय, व्हिडिओ. तुम्ही केबल एका दाराला लावली आणि तो दुसऱ्याच दाराकडे पाहत बसला, तर पाहुणा ओट्यावर ताटकळणारच. रिमोटवरचं "सोर्स" किंवा "इनपुट" बटण दाबत जा, आणि प्रत्येक दाबल्यानंतर चार-पाच सेकंद थांबा. बहुतेक जण इथेच चुकतात. प्रोजेक्टरला सिग्नल ओळखायला थोडा वेळ लागतो, आणि आपण भराभर दाबत बरोबर दाराच्या पुढे निघून जातो.

दार बरोबर असूनही चित्र नसेल, तर लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांच्यातलं बोलणं समजून घ्यावं लागेल. आपल्याला वाटतं केबल म्हणजे पाइप, इकडून चित्र सोडलं की तिकडे पडलं. तसं नाही. केबल जोडल्यावर लॅपटॉप आधी विचारतो : पलीकडे कोण आहे, तुला केवढं चित्र झेपतं? प्रोजेक्टरच्या आत एक छोटी नोंद साठवलेली असते, तिला ईडीआयडी म्हणतात. तिचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा, या लेखातल्या एखाद्या ओळीपेक्षाही लहान. त्यात प्रोजेक्टरची ओळख आणि त्याला चालणाऱ्या चित्रांची मापं असतात. ती वाचून लॅपटॉप त्या मापाचं चित्र पाठवतो. ही ओळखपरेड झाली नाही, तर लॅपटॉपला पलीकडे कोणी आहे हेच कळत नाही, किंवा तो अंदाजाने काहीतरी लहान माप धरतो. सेटिंग्जमध्ये पडद्याचं नाव "जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर" असं दिसलं तर समजायचं, ओळख झालेली नाही, बहुतेक केबलमुळेच. तेव्हा केबल दोन्हीकडून काढून पुन्हा घट्ट बसवा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथे खाली "डिटेक्ट" बटण असतं, ते दाबलं की लॅपटॉप पुन्हा विचारपूस करतो. तरी नाहीच, तर लॅपटॉप बंद करा, केबल जोडलेली ठेवा, आधी प्रोजेक्टर चालू करून चित्राची वाट पाहू द्या, मग लॅपटॉप चालू करा. जुने लॅपटॉप कित्येकदा चालू होतानाच आजूबाजूला नीट पाहतात.

आता सगळ्यात कामाच्या दोन कळा : विंडोजची खिडकीवाली कळ आणि पी. दोन्ही एकत्र दाबल्या की पडद्यावर चार पर्याय उघडतात. ही सोय विंडोज ७ पासून आहे, म्हणजे गावातल्या जवळजवळ प्रत्येक लॅपटॉपमध्ये असणार. "पीसी स्क्रीन ओन्ली" म्हणजे फक्त लॅपटॉपवर. "डुप्लिकेट" म्हणजे दोन्हीकडे तेच. "एक्स्टेंड" म्हणजे भिंत हा लॅपटॉपचाच वाढवलेला भाग. "सेकंड स्क्रीन ओन्ली" म्हणजे फक्त भिंतीवर.

यातलं "एक्स्टेंड" सगळ्यात जास्त घोळ घालतं. भिंतीवर छान डोंगराचा वॉलपेपर दिसतो, सरपंच म्हणतात "आलं आलं", आणि मग फाइल उघडली तर ती लॅपटॉपवर दिसते, भिंतीवर डोंगर तसाच. बिघाड काहीच नसतो. घराला नवी खोली काढावी तशी भिंत लॅपटॉपच्या शेजारी जोडलेली असते, आणि तुम्ही सामान जुन्याच खोलीत मांडत असता. माउसचा बाण उजवीकडे नेत राहा, तो लॅपटॉपची कड ओलांडून भिंतीवर जाईल. किंवा खिडकीवाली कळ, शिफ्ट आणि उजवा बाण एकत्र दाबा, उघडलेली फाइल उडी मारून भिंतीवर जाते. नवख्या माणसाने सरळ "डुप्लिकेट" निवडावं. पॉवरपॉइंटचा स्लाइड-शो लावल्यावर भिंतीवर तुमच्या खाजगी टिपा आणि लॅपटॉपवर स्लाइड असा उलटा प्रकार झाला, तर "स्लाइड शो" टॅबमधल्या "यूज प्रेझेंटर व्ह्यू"ची खूण काढून टाका.

"सेकंड स्क्रीन ओन्ली"ने एकदा आमच्या केंद्रातले एक शिक्षक फार घाबरले होते. लॅपटॉप काळा पडला, प्रोजेक्टर दुसऱ्या दारावर होता म्हणून भिंतीवरही काही नाही, आणि त्यांना वाटलं शाळेचा लॅपटॉप आपल्या हातून गेला. केबल उपसली की चित्र आपोआप लॅपटॉपवर परत येतं. तेवढं लक्षात ठेवा, घाम फुटणार नाही.

रंगांची गोष्ट मात्र मला सविस्तर सांगायची आहे, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे आणि त्यात नुकसान होऊ शकतं.

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीची माहिती होती. शाळेच्याच खोलीत, तीस-चाळीस शेतकरी, त्यात बाया बऱ्याच. पडद्यावर अळीचा मोठा फोटो आला. सांगणारा म्हणतोय "ही पाहा गुलाबी अळी", आणि भिंतीवर अळी हिरवट-निळी. पांढरा कागद आकाशी. अळीमुळे पूर्ण न उमललेलं फूल, ज्याला आपण डोमकळी म्हणतो, तेही निळसर पडलेलं. पुढे बसलेल्या एका आजीने विचारलं, "गुलाबी म्हणता, मंग हे हिरवी काऊन?" तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. ज्या गोष्टीची ओळख रंगावर आहे, ती चुकीच्या रंगात दाखवणं म्हणजे न दाखवण्यापेक्षा वाईट.

दोष होता निळ्या टोकाच्या जाड केबलमध्ये. ती व्हीजीए. १९८७ साली आयबीएमच्या पीएस/२ संगणकांबरोबर आलेली ही जोडणी आपल्या शाळांत अजून राबते आहे. तिच्या टोकाला तीन ओळींत पंधरा पिना असतात, आणि लाल, हिरवा, निळा हे तीन रंग तीन वेगळ्या तारांतून जातात : पहिली पिन लाल, दुसरी हिरवी, तिसरी निळी. त्या दिवशी लालची पिन वाकून आत दबली होती. लाल गेला की उरतात हिरवा आणि निळा, म्हणून पांढरा आकाशी दिसतो आणि गुलाबी हिरवट. निळा गेला तर सगळं पिवळं होईल. हिरवा गेला तर राणी रंगाचं. भिंतीचा रंग पाहूनच सांगता येतं कोणती तार रुसली आहे.

केबल काढून टोक खिडकीच्या उजेडाकडे धरलं. एक पिन इतरांपेक्षा बुटकी आणि कलती दिसत होती. पिनवाल्या पेन्सिलीचं रिकामं नळीसारखं टोक त्या पिनेवर अलगद चढवलं आणि केसभर केसभर करत ती उभी केली. एका झटक्यात सरळ करायला जाल तर तुटते, आणि तुटली की केबल संपली. मधल्या ओळीत एका पिनेची जागा रिकामी दिसली तर दचकू नका, बऱ्याच केबलींत नववी पिन मुळातच नसते. आणि बारावी व पंधरावी जपा. लॅपटॉप-प्रोजेक्टरची ती ओळखपरेड याच दोन पिनांतून होते. केबल पुन्हा बसवली, दोन्ही बाजूंचे स्क्रू बोटांनी आवळले, आणि अळी गुलाबी झाली. आजी पुढे येऊन भिंतीला हात लावून पाहून गेल्या.

हे स्क्रू कोणी आवळत नाही. न आवळलेली केबल स्वतःच्या वजनाने लोंबते, टोक तिरपं होतं, आणि पिना वाकायची सुरुवात तिथूनच होते.

नव्या लॅपटॉपना हे निळं दार नसतं. त्यांना चपटं एचडीएमआय असतं, पातळ असेल तर नुसतं टाइप-सी. शाळेचा प्रोजेक्टर मात्र जुना, व्हीजीएवाला. मग मधे छोटा कन्व्हर्टर लागतो. इथे दोन गोष्टी नीट समजून घ्या. एचडीएमआयमधून चित्र आकड्यांच्या रूपात येतं, व्हीजीएला ते विजेच्या चढउताराच्या रूपात लागतं. म्हणजे मधे खरोखर भाषांतर करणारी चिप हवी. नुसत्या तारा जोडून दिलेली, एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला व्हीजीए अशी स्वस्त केबल मिळते, तिच्यात चिप नसेल तर ती चालणार नाही. आणि भाषांतर एकाच दिशेने होतं. एचडीएमआयचं व्हीजीए करणारा डबा उलटा लावून जुन्या लॅपटॉपला नव्या प्रोजेक्टरशी जोडता येत नाही, त्याला वेगळा डबा लागतो. दुकानात मागताना "लॅपटॉप एचडीएमआय, प्रोजेक्टर व्हीजीए" असं पूर्ण सांगा.

हा डबा आपली वीज लॅपटॉपच्या एचडीएमआयमधूनच घेतो. काही लॅपटॉप ती जेमतेम देतात, मग चित्र येतं-जातं, येतं-जातं. डब्याच्या कडेला मोबाइल चार्जरसारखं छोटं छिद्र असेल तर त्याला चार्जर जोडून पाहा, बहुतेक वेळा चित्र स्थिर होतं. टाइप-सीचं आणखी वेगळं. छिद्र तेच असलं तरी प्रत्येक टाइप-सीमधून चित्र बाहेर येत नाही, काही फक्त चार्जिंग आणि फाइलींपुरती असतात. म्हणून कन्व्हर्टर घेताना लॅपटॉप सोबत न्या आणि दुकानातच एखाद्या पडद्यावर लावून पाहा. तालुक्याला दोन चकरा मारण्यापेक्षा हे बरं.

चित्र आलं, रंग बरोबर, पण अक्षरं पुसट. आधी लेन्सवरची फोकसची कडी फिरवा. वरची अक्षरं स्पष्ट आणि खालची पुसट, किंवा चित्र सुपासारखं एकीकडे पसरट असेल, तर प्रोजेक्टर तिरपा बसलाय. मेनूतल्या "कीस्टोन"ने आकार सरळ होतो, पण त्यात थोडी स्पष्टता जाते, त्यामुळे शक्य असेल तर टेबलच नीट ठेवा. तरीही अक्षरांच्या कडा फुगलेल्या दिसत असतील तर मापाचा घोळ आहे. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा असतो, आणि शाळेतल्या जुन्या प्रोजेक्टरांचं माप कित्येकदा १०२४ बाय ७६८. चार ओळी कपाशीची जागा तीन ओळींत बसवायची झाली तर काही झाडं एकमेकांवर चढणारच, तसं अक्षरांचं होतं. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये "रिझोल्यूशन" प्रोजेक्टरच्या मापाचं करा. लॅपटॉपवर चित्र थोडं ताणलेलं दिसेल, दिसू द्या. माणसं भिंत पाहायला आली आहेत. "आउट ऑफ रेंज" असा संदेश आला तर तेही मापाचंच दुखणं : प्रोजेक्टरला न झेपणारं चित्र जातंय, रिझोल्यूशन कमी करा आणि रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा ताजं होतं तो आकडा, ६० हर्ट्झवर आणा.

व्हीजीएवर चित्र एका बाजूला सरकलं असेल किंवा अक्षरं थरथरत असतील तर प्रोजेक्टरवरचं "ऑटो" बटण एकदा दाबून पाहा. चित्र उलटं किंवा आरशासारखं आलं तर कोणीतरी मेनूत "सीलिंग" किंवा "रिअर" करून ठेवलंय, ते "फ्रंट" करा. आवाज व्हीजीएतून जातच नाही, त्याला स्पीकरची वेगळी तार हवी. एचडीएमआय लावल्यावर उलट लॅपटॉपचाच आवाज बंद पडतो, कारण तो प्रोजेक्टरकडे निघून जातो. खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चित्रावर टिचकी मारून परत आणता येतो.

चित्र फिकं दिसतंय ही तक्रार आपल्याकडे खूप. भर दुपारी टिनाच्या खोलीत खिडक्या उघड्या ठेवून कोणताही प्रोजेक्टर हरेल. खिडक्यांना ताडपत्री किंवा जुनी सतरंजी लावा. आणि चित्र लहान करा. प्रोजेक्टर भिंतीजवळ आणून चित्राची रुंदी अर्धी केली तर तोच उजेड चौथाई जागेत पडतो, म्हणजे चित्र चौपट उजळ. मोठं पण न दिसणारं चित्र काय कामाचं?

आता लाईनची गोष्ट. व्हीजीए चित्रावर आडवे जाडसर पट्टे हळूहळू वर सरकताना दिसले, किंवा स्पीकरमध्ये भुणभुण सुरू झाली, तर लॅपटॉपचा चार्जर काढून त्याला बॅटरीवर चालवा. पट्टे लगेच गेले तर दोष अर्थिंगचा समजा. लॅपटॉप एका बोर्डावर, प्रोजेक्टर दुसऱ्यावर, आणि दोन्हीकडची अर्थिंग सारखी नाही, असं असलं की हे होतं. दोन्ही एकाच चांगल्या थ्री-पिन बोर्डावर घ्या. टू-पिनमध्ये घुसवायला प्लगची तिसरी पिन कापून टाकलेली मी खूप ठिकाणी पाहिली आहे. कृपा करून असं करू नका. लॅपटॉपच्या किंवा प्रोजेक्टरच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कार्यक्रम थांबवा आणि आधी वायरमनला दाखवा. पोरं उघड्या पायांनी ओल्या फरशीवर उभी असतात.

प्रोजेक्टरवरचे लाल-नारंगी दिवे बहुतेक तापमानाचे किंवा दिव्याचे असतात. "टेम्प" लागला असेल तर यंत्र तापलंय. बऱ्याच प्रोजेक्टरांना ३५ ते ४० अंशांपर्यंतच्या हवेतच चालायचं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. त्यात जाळीवर कापसाची बारीक धूळ बसलेली. जाळी काढून मऊ ब्रशने झाडा, हवा जायच्या जागेसमोर वह्या-पुस्तकं ठेवू नका, आणि उन्हाळ्यातल्या सभा सकाळी घ्या. मधेच लाईन गेली आणि पाच मिनिटांत आली, तरी दिव्याचा प्रोजेक्टर लगेच पेटत नाही. तापलेला दिवा निवल्याशिवाय लागत नाही, म्हणून बटण पुन्हा पुन्हा दाबू नका, दहा मिनिटं लोकांशी बोला. बंद करतानाही बटणाने बंद करा, पंख्याचा आवाज थांबेपर्यंत प्लग काढू नका.

शक्य असेल तेव्हा मी आदल्या संध्याकाळी त्याच खोलीत, त्याच लॅपटॉपवर, त्याच केबलने एकदा सगळं लावून पाहते, आणि पिशवीत दुसरी केबल ठेवते. दुसरी केबल फार मोठी गोष्ट आहे. शंका आली की केबल बदलून पाहणं हे दहा सेटिंग्ज पालथ्या घालण्यापेक्षा लवकर होतं. पण त्यात एक सवय मोडावी लागते. खराब निघालेली केबल आपण "राहू द्या, कामी येईल" म्हणत गुंडाळून परत कपाटात ठेवतो. तीन महिन्यांनी तीच कोणाच्या तरी हातात येते, पुन्हा चाळीस माणसं, पुन्हा हिरवी अळी. त्या दिवशी सरळ केलेली ती केबल मी संध्याकाळीच लाल टेप गुंडाळून बाजूला काढली, कारण एकदा वाकलेली पिन पुन्हा वाकतेच. नवी आली त्या दिवशी जुनीचं टोक कापून टाकलं.